वडिलांना ऐकू कमी येतं

मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी खोली दाखवलीच नाही. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि म्हणाले, "तुमाला ही खोली कावून पाहिजे, यावर दोन मिनिटं बोला."

मी बीडहून एसटीने आले होते. धारूरच्या एका इंग्रजी शाळेत प्राथमिकच्या वर्गावर माझी नेमणूक झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. सांगण्यासारखं एवढंच होतं आणि ते पाच सेकंदांत संपलं असतं. पण मला चार माणसांत बोलता येत नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे मी गप्प, अशीच मी मोठी झाले. मी बॅग मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. ते घड्याळाकडे बघत राहिले. आतून काकू म्हणाल्या, "अहो, द्या की तिला चावी." त्यांनी हात वर करून काकूंना थांबवलं. दोन मिनिटं पूर्ण झाल्यावर घड्याळ पुन्हा बांधलं आणि म्हणाले, "एक पण शब्द खोटा बोलल्या न्हाईत." मग चावी दिली.

पुढची तीन वर्षं मी त्यांच्या माडीवर राहिले. त्यातले बहुतेक दिवस मी त्यांच्यावर वैतागलेली होते.

ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. गाव त्यांना सर म्हणायचं, मीही सर म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच नाद केला, लहान मुलांच्या वक्तृत्व स्पर्धांचा. पहिली ते चौथीच्या मुलांना तयार करायचं, स्पर्धा भरवायची, परीक्षक म्हणून बसायचं. निवृत्तीनंतर मुलं गेली, स्पर्धा गेल्या, पण परीक्षक काही खुर्ची सोडेना. आता त्यांच्यासमोर जो तोंड उघडेल तो स्पर्धक.

माझ्या फोनला रेंज फक्त जिन्याच्या मधल्या पायरीवर यायची. संध्याकाळी मी तिथे बसून आईशी बोलायचे. खाली अंगणात ते पेपर वाचत असायचे, निदान मला तसं वाटायचं. फोन ठेवला की पेपराआडून आवाज यायचा. "आज सात वेळा 'बरी आहे' म्हणलात. आवाज ठीक. आशय शून्य." मी वर जायचे आणि खोलीत एकटीच चिडत बसायचे. दुसऱ्या दिवशी आईला काहीतरी वेगळं सांगायला गेले, तर आई घाबरली. काय झालं, तब्येत ठीक आहे ना, उद्या बाबांना पाठवू का, म्हणाली.

नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. मोटार लावण्याची जबाबदारी त्यांची होती, आणि ती त्यांनी कोणालाही दिली नव्हती. एकदा पाणी सोडणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह फिरवून आमच्या दारावरून चालला होता. त्याला यांनी थांबवलं आणि 'पाणी' या विषयावर एक मिनिट बोलायला लावलं. तो बिचारा म्हणाला, पाणी हे जीवन आहे. यांनी त्याला तिथेच तोडलं. "ते टाकीवर लिहिलंय. तू रोज चावी फिरवतोस, तुला काय दिसतं ते सांग." तो माणूस मग खरंच बोलायला लागला. कोणत्या घरातली बाई सगळ्यांत आधी हंडा घेऊन दारात येते, कोणाच्या घरून चहा येतो, कोणाच्या घरून शिव्या येतात. सर मान डोलवत ऐकत राहिले. तेवढ्यात पाणी गेलं. मोटार लावायची राहिली. पुढचे आठ दिवस मी शाळेतून बाटल्या भरून घरी आणल्या. मी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "पण लई छान बोलला, मॅडम. तुमी ऐकायला पाहिजे होतं."

गल्लीतल्या मुलांची वेगळी तऱ्हा. शाळेतून येणारी मुलं दारात अडवायची, हातात जे असेल ते पुढे धरायचं आणि त्यावर बोलायला लावायचं, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम होता. वांगं, चप्पल, तुटलेला कंगवा. कोणी "वांगे ही एक फळभाजी आहे" म्हणालं की त्याला हात हलवून रस्ता दाखवायचे. एकदा एक पोरगा म्हणाला, "सर, याचा देठ आमच्या आज्याच्या टोपीसारखा हाय." त्याला लिमलेटच्या दोन गोळ्या मिळाल्या. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी आपापल्या बोलण्यात आज्याच्या टोप्या आणल्या, त्यांना काहीच मिळालं नाही. हळूहळू मुलांनी मागच्या गल्लीने जायला सुरुवात केली. मग हे मागच्या गल्लीच्या तोंडाशी खुर्ची नेऊन बसू लागले. पालक माझ्याकडे येऊन सांगायचे, मॅडम, तुमच्या सरांना जरा समजवा. तुमच्या सरांना. जणू मी त्यांना आणून तिथे बसवलं होतं.

'आदरणीय व्यासपीठ' हे दोन शब्द त्यांना मुळीच चालत नसत. "व्यासपीठ लाकडाचं असतंय. त्याला नमस्कार घालून काय फायदा? समोर माणसं हायेत, त्यांच्याशी बोला की." शुद्ध, घोटीव बोलणाऱ्या मुलाचा तर त्यांना राग यायचा. "हा कोण बोलतोय, पोरगा का रेडिओ?" शिकलेला माणूस, हजार पुस्तकं वाचलेला, आणि स्वतः मुद्दाम अगदी शेतातल्यासारखं बोलायचा. काकू सांगायच्या, पूर्वी असे नव्हते. पूर्वी घरातसुद्धा पुस्तकातलं बोलायचे, भाजीवाली हसायची. मी ते ऐकून सोडून दिलं. म्हातारपणी माणसं कशीही बदलतात, असं मला वाटलं.

तालुक्याची मोठी वक्तृत्व स्पर्धा माझ्याच शाळेत दर जानेवारीत होते. इंग्रजी शाळा असली तरी स्पर्धा मराठीत, आणि आसपासच्या सगळ्या शाळांची मुलं येतात. ती स्पर्धा सुरू करणाऱ्यांत सर होते आणि कितीतरी वर्षं परीक्षकाची मधली खुर्ची त्यांची होती. मी येण्याच्या आधी कधीतरी एका पुढाऱ्याचा नातू स्टेजवर देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलला. सरांनी मनोगतात सांगितलं की भाषण आजोबांचं आहे, तेव्हा बक्षीस आजोबांना द्यावं आणि पोराला खेळायला सोडावं. पुढच्या वर्षीपासून त्यांना बोलावणं बंद झालं. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नव्हतं. जानेवारीत ते नेहमीसारखे चपला आणि वांगी घेऊन दारात बसायचे.

मग एका दिवाळीनंतर काहीतरी बिघडलं. मी शाळेतून येत होते. त्यांनी दारात दुसरी-तिसरीतल्या एका मुलीला अडवलं होतं. हातात काही नव्हतं, म्हणून विषय दिला, वडील. मुलगी ताठ उभी राहिली, एक हात कानामागे नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या वडिलांना ऐकू कमी येतं, म्हणून मी मोठ्यानं बोलते. माझं सगळं त्यांना ऐकू जावं, असं मला वाटतं." मला तर ते आवडलं. मला वाटलं, आज गोळ्यांचा पुडाच मिळणार. सरांनी तिला विचारलं, हे कोणी शिकवलं? ती म्हणाली, यूट्यूबवर आहे. सर उठले, खुर्ची तिथेच टाकून घरात गेले. काकू म्हणाल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्या मागे लागले. त्यांना जानेवारीच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून बसायचं होतं, आणि ते मी जमवायचं होतं. सकाळी मी दाराला कुलूप लावताना खालून आवाज, "विचारलं का?" संध्याकाळी पायरीवर चप्पल वाजली की, "विचारलं का?" रविवारी दाराखालून चिठ्ठी सरकायची, तीत एवढंच, 'विचारलं का?' आंघोळीचं पाणी तापवत असताना एकदा जिन्यात उभं राहून विचारलं. मी त्यांना सांगितलं की सर, मी तिथे सगळ्यांत नवी आहे, माझी नेमणूक वर्षावर्षाची आहे, मी मुख्याध्यापिकांशी हजेरीपुरतंच बोलते. ते म्हणाले, "तुमी बोलू नका. नुसतं विचारा."

मला ही म्हाताऱ्या माणसाची हौस वाटली. मधली खुर्ची, शाल, नारळ. एवढ्यासाठी माझी नोकरी पणाला लावणारा हा माणूस मला फार स्वार्थी वाटला. तेव्हा एकदाच, मी खरोखर चिडून त्यांच्याकडे बघितलं तेव्हा, ते हळू आवाजात म्हणाले, "एकदाच बसू द्या मला तिथं. माईक पाहिजे मला. परत न्हाई मागत."

शेवटी डिसेंबरात मी विचारलं. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. "मिस, तू कधी काही मागत नाहीस. आणि मागितलंस ते हे?" त्यांनी दोन अटी घातल्या. कोणत्याही मुलाला प्रश्न विचारायचा नाही आणि कोणत्याही पालकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काही झालं तर माझी जबाबदारी. एप्रिलमध्ये माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार होतं, याची त्यांनी आठवण करून दिली नाही. तशी गरजही नव्हती.

सरांनी दोन्ही अटी लगेच मान्य केल्या. उलट आपली एक तिसरी पाठवली. मुलांना तीन मिनिटं असतात, तर परीक्षकांच्या मनोगतालाही तीनच असावीत, घंटा सगळ्यांना सारखी. परीक्षकांच्या लांबलेल्या भाषणांनी दरवर्षी मुख्याध्यापिकांचं डोकं उठायचं. त्या खूश झाल्या. "अगं, हे तर शहाणे झालेत," म्हणाल्या. इतक्या सहज सगळं मान्य करणारा माणूस बघून मला शंका यायला हवी होती.

स्पर्धेच्या दिवशी मला घंटेवर बसवलं. आदल्या वर्षीही ते काम मलाच मिळालं होतं, कारण त्यात बोलायचं नसतं. स्टेजच्या कडेला छोटं टेबल, त्यावर दाबायची घंटा आणि मोबाइलचं घड्याळ. अडीच मिनिटांना एक ठोका, तीनला दोन. सर मधल्या नाही, कडेच्या खुर्चीवर होते, माझ्यापासून चार हातांवर. पांढरा शर्ट, त्याला कडक इस्त्री.

विषय तीन होते, पण बहुतेक मुलांनी 'माझे बाबा' घेतलं होतं. सहाव्या नंबरच्या मुलाने सुरुवात केली आणि मध्यावर आला तेव्हा हात कानामागे नेला. "माझ्या वडिलांना ऐकू कमी येतं, म्हणून मी मोठ्यानं बोलतो." टाळ्या पडल्या. नवव्या मुलीने तेच म्हटलं. चौदाव्या मुलीनेही तेच, मात्र हात चुकून कपाळावर गेला. सतराव्या मुलाने म्हटलं तेव्हा त्याचे वडील दुसऱ्या रांगेत बसून फोनवर कोणाला तरी खडीची गाडी कुठे रिकामी करायची ते सांगत होते. ते गावातले मोठे गुत्तेदार, रस्त्यांची कंत्राटं घेणारे. त्यांना पलीकडचं सगळं स्पष्ट ऐकू येत असावं. विसाव्या मुलापर्यंत असे पाच वडील झाले. प्रेक्षकांत खसखस पिकायला लागली. मी सरांकडे बघत होते. त्यांनी अट पाळली. कोणाला काही विचारलं नाही. प्रत्येक वेळी ते वाक्य आलं की त्यांचं पेन थांबायचं आणि टाळ्या संपल्यावर पुन्हा चालू व्हायचं.

मनोगताला पहिले परीक्षक उठले, एका महाविद्यालयातले प्राध्यापक. तिसऱ्या मिनिटाला मी दोन ठोके दिले. त्यांनी माझ्याकडे बघून हसून मान हलवली आणि आणखी नऊ मिनिटं बोलले. दुसऱ्या बाईंनी घंटेला "हो, हो, संपवतेच" म्हटलं आणि एक कविता म्हटली. माझ्या घंटेला त्या हॉलमध्ये कोणी विचारत नाही, हे मला माहीत होतं. मला ते लागतही नसे.

मग सर उठले. माईक हातात घेतला आणि व्यासपीठ वगैरे काही न म्हणता सुरुवात केली.

"आज पाच लेकरांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांला ऐकू कमी येतं."

हॉल हसला. गुत्तेदार सगळ्यांत मोठ्याने हसले.

"लेकरांची चूक न्हाई. ते भाषण मी लिहिलंय. तीस वर्षांखाली."

हसणं विरलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते तेव्हा एका खेड्यातल्या शाळेवर होते. तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते आणि गिरणीच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. मुलगी घरी ओरडून बोलायची, म्हणून शाळेतही ओरडूनच बोलायची. मास्तर तिला वर्गाबाहेर उभं करायचे. सरांनीही केलं होतं. एकदा त्यांनी वर्गाला विषय दिला, माझे वडील. बाकीची मुलं म्हणाली, माझे वडील कष्टाळू आहेत. ही उठून दोनच वाक्यं बोलली.

"ती दोन वाक्यं तिची," सर म्हणाले. "बाकीचं भाषण मी त्याच्याभवती रचलं. तिच्याकडून पाठ करून घेतलं. आन् स्पर्धा आली तवा ते भाषण माझ्या पोराला दिलं. पोराचे उच्चार साफ होते. हिच्या तोंडात 'हाय' आन् 'न्हाई'. उच्चाराला वीस मार्क होते."

ती मुलगी कोणत्या वस्तीतली होती, ते त्यांनी सांगितलं नाही. साफ उच्चारांचं कारण देऊन कोणाला मागे बसवतात, हे आमच्या घरात तीन पिढ्यांना माहीत आहे. मी मान खाली घालून घड्याळाकडे बघत राहिले. मोबाइलवर अडीच मिनिटं झाली. मी एक ठोका दिला. ते जरा भरभर बोलायला लागले.

"पोरगा जिल्ह्यात पहिला आला. मागेल त्या मास्तरला मी भाषणाची नक्कल दिली. तिथून ते पुस्तकात गेलं, पुस्तकातून फोनमधी. स्पर्धेच्या दिवशी तिचे वडील आलते. पहिल्या रांगेत बसलते, कानामागं हात धरून. त्यांला वाटलं, आपली पोरगी बोलणार हाय. दुसऱ्या दिवसापासून पोरगी वर्गात हळू बोलाय लागली. इतकं हळू की हजेरीला पण ऐकू येईना. सगळे मास्तर म्हणले, सुधारली."

समोर पालक आपापसात कुजबुजत होते. ज्यांच्या मुलांनी ते भाषण केलं होतं ते उठायच्या बेतात होते. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मुख्याध्यापिका पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी समोरच्या टेबलावर दोनदा बोट आपटल्यासारखं केलं.

तीन मिनिटं झाली होती. मी दोन ठोके दिले.

मला वाटलं, तेही थांबणार नाहीत. दोघं थांबले नव्हते. नेहमी कोणीच थांबत नाही. मुख्याध्यापिकांचं समाधान होईल आणि सर पुढे बोलतील, असा हिशेब मी त्या एका क्षणात केला होता.

सर म्हणत होते, "त्या पोरीचं नाव..." आणि थांबले. तोंड उघडंच होतं. मग ते मिटलं. माईक काळजीपूर्वक स्टँडला लावला आणि जागेवर जाऊन बसले.

सूत्रसंचालन करणाऱ्या मिसने सरांचे अनमोल मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. बक्षिसं वाटली गेली. गुत्तेदारांच्या मुलाचा दुसरा नंबर आला, कारण बाकी दोन परीक्षकांनी त्याला भरपूर गुण दिले होते. मुख्याध्यापिका जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं वेळेत वाजवलीस." एप्रिलमध्ये माझी नेमणूक पुढे चालू झाली.

आम्ही बाजारातून चालत घरी आलो. मला माफी मागायची होती. तेच आधी बोलले. "घंटा बरोबर वाजवली. मी घड्याळ बघत होतो, सेकंदाचा फरक न्हाई." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो टोमणा नव्हता. माझं खरंच कौतुक चाललं होतं. मी रस्त्यात थांबून त्यांना म्हटलं की सर, तुम्ही थांबलात कशाला, आणखी एक शब्द तर बोलायचा होता. ते म्हणाले, नियम आपणच घातला होता. मी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"तुमाला एकटीला सांगून काय करू? स्टेजवरनं घेतलं होतं. असं बाजारात उभं राहून परत देता येत न्हाई."

पुढचं वर्षभर मी या एका गोष्टीवरून त्यांच्याशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कोणाशी भांडलेली नाही. मी म्हटलं, व्हिडिओ करू, मी माझ्या फोनवर काढते. ते म्हणाले, त्या दिवशी हॉलमध्ये माणसं होती, माणसांसमोरच सांगणार. मी म्हटलं, निदान तिला शोधून पत्र लिहा. ते म्हणाले, लिहिलं होतं, घर हललंय, पत्र परत आलं. काकूंना विचारलं तर त्यांनाही नाव माहीत नव्हतं. "मला तर हेच त्या दिवशी कळलं," काकू म्हणाल्या. "पोराचा त्या स्पर्धेतला कप इतकी वर्षं मी पुसतेय." मुलगा पुण्याला असतो. त्याला त्यांनी फोन करून काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पुढच्या खेपेला तो आला आणि जाताना काकूंनी देऊ केलेला कप घेऊन गेला नाही, एवढं मी बघितलं.

पुढच्या जानेवारीत शाळेने त्यांना बोलावलं नाही. मी विचारायच्या आधीच मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नको गं बाई." सर ते ऐकून नुसते हं म्हणाले आणि गल्लीच्या तोंडाशी खुर्ची नेऊन बसले.

मे महिन्यात मला बीडच्या एका शाळेत नोकरी मिळाली. सामान टेंपोत चढलं. मी नमस्कार केला. मला वाटलं, आता तरी सांगतील. त्यांनी विचारलं, "तुमच्या बीडच्या शाळेत स्पर्धा असती का? परीक्षक लागत असतील तर बघा." मी विचारते म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. नमस्कार नाही, कशा आहात नाही. "विचारलं का?" मी सांगायचे, नवीन शाळा आहे सर, माझी ओळख होऊ द्या. ते म्हणायचे, बरं. पुढच्या रविवारी पुन्हा, "विचारलं का?" काही रविवारी मी फोन उचलला नाही. मग काकूंच्या फोनवरून करायचे.

गेल्या आठवड्यात स्टाफ मीटिंगमध्ये जानेवारीच्या स्पर्धेचा विषय निघाला. परीक्षक कोण, म्हणून नावं निघायला लागली. मी हात वर केला. सगळे वळून बघायला लागले, कारण या शाळेत मी पहिल्यांदाच हात वर केला होता. मी म्हटलं की धारूरला एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. पुढचं वाक्य येईना. मग आलं. म्हटलं, ते मुलांना नीट ऐकतात, पण त्यांना मनोगतासाठी जास्त वेळ लागेल, दहा मिनिटं धरा. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, चालेल की, त्यात काय.

मी बाहेर येऊन लगेच फोन लावला. रविवार नव्हता, म्हणून त्यांना आधी वाटलं, काही वाईट बातमी आहे. मी सांगितलं की बोलावलंय, आणि दहा मिनिटं दिली आहेत.

"दहा कावून?" ते तिथेही चिडलेच. "लेकरांला तीन हायेत, तर मला पण तीनच सांगा. पुरतील."

मी म्हटलं, सर, मागच्या वेळी पुरली नव्हती.

"मागच्या वेळी चुकलं माझं," ते म्हणाले. "या खेपेला नावापासूनच सुरू करतो."